भागीरथाबाईचा सोबती

१

प्रभाकरराव काळबांडे खोटं बोलत नसत. चांगला गुण म्हणावा, तर त्या गुणापायी त्यांच्या घरी दिवाळीलाही कुणी फिरकत नसे. कारंजा-घाडग्याच्या हायस्कुलात ते गणित शिकवायचे. बायको वारली तेव्हा सासूला तार करायची होती. अशा वेळी "तब्येत गंभीर, लवकर या" असंच लिहायचं असतं, हे तार घेणाऱ्या बाबूनंही त्यांना सांगून पाहिलं. पण नाही. यांनी लिहिलं, "सुलोचना वारली." म्हातारीनं ते पोस्टाच्या ओट्यावर दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि तिथंच बसली. त्यानंतर ती जावयाशी एक शब्द बोलली नाही. प्रभाकररावांचं मत मात्र कायम होतं, की खरं ते एकदाच सांगून टाकावं. माणूस रडतो आणि सावरतो.

ऐंशी सालच्या जानेवारीत लोकसभेच्या मतदानाला त्यांना केंद्राध्यक्ष म्हणून सेलू तालुक्यातल्या खापरधऱ्याला पाठवलं. आदल्या दिवशी चार वाजता ट्रकनं पेट्या आणि माणसं शाळेपुढे उतरवली. दोन खोल्यांची शाळा, पुढं ओसरी, पलीकडं कपाशीची वावरं. हाताखाली सेलूचे कारकून मोतीलाल, बायांच्या बोटांना शाई लावायला शकुंतलाबाई शिक्षिका, आणि एक शिपाई. पाणी, दिवा, सतरंजी बघायला गावचा कोतवाल बंडूजी.

दिवेलागणीला प्रभाकरराव लाल शाई घेऊन बसले. यादी छापल्यानंतर जी माणसं मेली त्यांची एक पुरवणी यादी असते. ती समोर ठेवून मूळ यादीतल्या एकेका नावापुढं "मयत" असं लिहायचं. असलं काम ते फार मन लावून करत.

पाण्याचा गुंड ठेवायला आलेला बंडूजी खांद्यावरून पाहत राहिला. त्याला अडखळत वाचता यायचं.

"साहेब, हे चारशे तेरा नंबरचं एक नसतं लिवलं तर नाई चालत का?"

"शालिक महादेव ढोणे? का? मेला ना तो?"

"मेला." बंडूजीनं दाराकडं बघून आवाज खाली आणला. "तीन वर्सं झाले. पन आमी बोलत नाई. त्याची माय हाये, भागीरथाबाई. आंधळी हाये बिचारी. तिले सांगतलंच नाई कोनी. उद्या ती येईन मताले. तिच्यापुढं तेवढं नोका वाचू, हात जोडतो."

"तीन वर्षं!" प्रभाकररावांची लेखणी थांबली. "अहो, हा जुलूम आहे. आईला मुलाचं मरण कळू द्यायचं नाही?"

"कळलं तर मंग ते जगन कायच्यावर? त्याच्याच भरवशावर हाये ती, साहेब. दुसरं कोन हाये तिले?"

प्रभाकररावांना ते पटलं नाही. पण परगावचा माणूस, एका दिवसाचा पाहुणा. कशाला उगाच दुसऱ्याच्या घरात तोंड घाला? ते म्हणाले, "मी तिचं नाव वाचीन, तिचं मत घेईन. तिच्या मुलाचं नाव घ्यायचं मला कारणच नाही." आणि चारशे तेरापुढं त्यांनी लाल शाईनं, सुवाच्य अक्षरात, शब्द लिहून टाकला.

२

सकाळी आठला मतदान सुरू झालं. मोतीलाल यादीवर होते. मतदार आला की त्याचा नंबर आणि नाव खणखणीत आवाजात वाचायचं, म्हणजे दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींना ऐकू जातं आणि कुणाला हरकत असली तर घेता येते. एका पक्षाचे प्रतिनिधी होते अण्णाजी, दुसऱ्याचे ताराचंद. दोघं शेजारी, एकाच बांधावरून भांडलेले. अण्णाजींनी डोळा मिचकावला तरी ताराचंद हरकत घेत.

मतदान केंद्रावर सरळ माणसं थोडी आणि अडचणीची जास्त येतात, हा प्रभाकररावांचा अनुभव. त्यातच त्यांना रस. एका बाप्याचं डाव्या हाताचं पहिलं बोट कडबा कापताना गेलेलं. शाई कुठं लावायची? शकुंतलाबाई गोंधळल्या. प्रभाकररावांनी नियमांच्या पुस्तकाकडं न बघता सांगितलं, शेजारच्या बोटाला. ते नसेल तर त्याच्या शेजारच्या. कुंताबाई नावाची एक बाई आली तर तिच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेलं. तिनं कमरेला पदर खोचला आणि "कोन्या सटवीनं माहं मत खाल्लं?" म्हणून शाळा डोक्यावर घेतली. तिची ओळख पटवून प्रभाकररावांनी तिला वेगळी मतपत्रिका दिली, वेगळ्या लिफाफ्यात ठेवली, वेगळ्या तक्त्यात सही घेतली. ती म्हणाली, "असं होय! मंग ठीक हाये," आणि शांतपणे निघून गेली. प्रभाकररावांना तेव्हा खरोखर बरं वाटलं. प्रत्येक अडचणीला पुस्तकात एक नियम होता, आणि तो त्यांना पाठ होता.

दहाच्या सुमाराला बंडूजीनं चहा आणला. कप ठेवताना तो हळूच म्हणाला, "साहेब, तुमाले काल अर्धंच सांगतलं."

"मग आता पूर्ण सांग."

"शालिक सिंदीच्या स्टेशनावर गेला. कापसानं भरलेली बैलबंडी उतारावर पलटली आन् तो खाली आला. आमी पाच जन होतो संगं. उन्हाचे दिवस, तिथंच जाळलं त्याले. गावात आलो, तर तोंड उघडेना कोनाचं. मीच म्हनलं तिले, बाई, शालिक सिंदीलेच राह्यला, काम लागलं त्याले." बंडूजी कपाकडं बघत होता. "तं ते हासली. म्हने, काऊन खोटं बोलता गा? तो तं मघाशीच घरी आला. जेवून राह्यला."

प्रभाकररावांनी चहाचा घोट घेतला. "दुःखानं माणसाचं असं होतं."

"होत असन," बंडूजी म्हणाला. "पन दुःख तं तिले झालंच नवतं साहेब. आमी सांगतलंच कुठं होतं?" आणि तो रिकामी किटली घेऊन गेला.

३

एकच्या पुढं गर्दी ओसरली. मोतीलाल भाकर खायला मागच्या खोलीत गेले आणि त्यांच्या खुर्चीवर प्रभाकरराव बसले. यादी पुढ्यात, तांबडी पेन्सिल हातात. आठ-दहा नावं त्यांनी वाचली आणि त्यांना लय सापडली. नंबर, नाव, खूण. नंबर, नाव, खूण. शाळेत हजेरी घेताना व्हायचं तसंच व्हायला लागलं. तोंड आपलं आपण वाचत होतं आणि मन कुठंतरी सावलीत बसलं होतं.

मान वर केली तेव्हा त्यांना दारातून बाहेरची बायांची रांग दिसली. रांगेत एक जागा रिकामी होती. पुढं एक किडकिडीत म्हातारी, आणि तिच्या डाव्या बाजूला एक माणूस मावेल इतकी मोकळी जागा. मागच्या बाया त्या जागेला वळसा घालून उभ्या होत्या.

"सरका, सरका! जागा सोडू नका," त्यांनी खुर्चीवरूनच हाक दिली.

कुणी सरकलं नाही. एका बाईनं त्यांच्याकडं बघितलं आणि लेकराला आपल्याकडं ओढून जागा आणखी मोकळी केली.

म्हातारी आत आली. तिचे डोळे दुधाळ झाले होते. डावं कोपर अंगापासून थोडं दूर, वर धरलेलं, आणि कोपराशी लुगड्याचा पदर चुरगळलेला. शाळेचा उंबरा चांगला वीतभर उंच होता. सकाळपासून डोळसांपैकी चार जण त्याला अडखळले होते. दारापाशी ती पुटपुटली, "हो हो, ठाऊक हाये मले," आणि पाय नेमका उचलून आत ठेवला.

आंधळी माणसं पावलं मोजतात, प्रभाकररावांनी स्वतःला सांगितलं. जन्म या गावात गेला तिचा. उंबरा काही आज बसवलेला नाही. हे सगळं खरंच होतं. तरी त्यांनी पुन्हा एकदा उंबऱ्याकडं बघितलं, आणि आपण बघितलं याचा त्यांना रागही आला.

"चारशे बारा. भागीरथा महादेव ढोणे," त्यांनी वाचलं. ताराचंदांनी हरकत घेतली नाही. अण्णाजींनीही नाही. दोघंही आपापल्या कागदात बघत होते.

४

आंधळ्या मतदारासाठी नियम असा, की त्यानं एक सोबती आणावा. सोबत्याचं वय एकवीसच्या वर हवं, त्याचं नाव एका तक्त्यात लिहायचं, त्याची सही घ्यायची. मग तो आडोशाच्या आत जाऊन मतदार सांगेल तिथं शिक्का मारून देतो. साधी गोष्ट.

"आजी, तुमच्यासंगं मत द्यायला कोण येणार?"

"हा काय, पोरगा हाये ना माहा." तिनं मान डावीकडं केली. तिचा चेहरा एवढा उजळला, की प्रभाकररावांना तिकडं बघणं भाग पडलं. तिथं शाळेची भिंत होती. भिंतीवर बाराखडीचा तक्ता टांगला होता.

"बंडूजी येतील तुमच्यासंगं. गावचेच आहेत."

"काऊन?" म्हातारी तडकली. "पोटचं लेकरू उभं असतानी मी परक्याचा हात धरू? चांगले शिकेल-सवरेल दिसता साहेब, आन् असं बोलता!"

बंडूजी दाराशी उभा होता. तो काकुळतीनं म्हणाला, "जाऊ द्या ना साहेब. लिवा त्याचं नाव."

कसं लिहिणार? मेलेल्या माणसाचं नाव जिवंत सोबती म्हणून, खाली स्वतःची सही करून? प्रभाकररावांनी दोन्ही प्रतिनिधींकडं बघितलं. सकाळपासून शब्दाशब्दाला भांडणारे हे दोघं आता तरी काही म्हणतील.

"आमची हरकत नाई," ताराचंद म्हणाले.

"आमचीबी नाई," अण्णाजी म्हणाले.

प्रभाकररावांनी तक्ता बाजूला सारला. त्यात त्यांनी काहीच लिहिलं नाही. म्हातारीला मतपत्रिका दिली, शिक्का दिला, आणि म्हटलं, "जा आजी. तुम्हीच जा." म्हणजे आंधळी बाई एकटी आत जाणार, शिक्का कुठंतरी मारणार, मत बाद होणार. खोटं लिहिण्यापेक्षा ते परवडलं. आपण दयाही केली आणि नियमही मोडला नाही, असं त्यांना वाटलं.

आडोसा म्हणजे दोन बाकांवर बांधलेलं गोणपाट. ती त्यामागं गेली. खोलीत इतकं चिडीचूप झालं, की शकुंतलाबाईंनी शाईच्या बाटलीचं बूच लावलं ते ऐकू आलं. गोणपाटामागं कागद सळसळला. मग म्हातारी बारीक आवाजात हसली.

"उलटा धरला ना तू शिक्का! लहानपनी पाटी अशीच धरे." थोडा वेळ गेला. "हं. आता बराबर."

शिक्का उमटल्याचा आवाज आला. तो ठाम होता, एकदाच आला.

ती बाहेर आली तेव्हा मतपत्रिकेची घडी तिच्या हातात होती. आधी उभी, मग आडवी, शाई दुसरीकडं लागू नये म्हणून सांगितलेली असते अगदी तशी. घडीवरून कुणीतरी नख फिरवून ती पक्की केली होती. भागीरथाबाईची बोटं संधिवातानं वाकडी झालेली होती; तिला पदराची गाठ सुटत नसावी. पेटीच्या फटीत तिनं कागद एका फटक्यात टाकला. शिक्का टेबलावर परत आला तेव्हा त्याच्या मुठीला कापसाचा एक तंतू चिकटलेला होता.

आख्खं गाव कापूस वेचतंय, प्रभाकरराव मनात म्हणाले. माझ्याही धोतराला असेल. त्यांनी तंतू झटकायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

५

झालं होतं. आता ती जाणार होती. प्रभाकररावांचा जीव भांड्यात पडला. बाहेर चार-पाच जण खोळंबले होते, म्हणून त्यांनी घाईनं चारशे बारावर खूण केली.

"माहं झालं," भागीरथाबाई म्हणाली. "आता याचं घ्या. माह्या मांगचाच नंबर हाये याचा."

पेन्सिल खूण करून खाली सरकलीच होती. मागचा नंबर म्हटल्यावर डोळा तिथं गेला, आणि सकाळपासून या खोलीत जो आवाज घुमत होता, ज्याला आता सांगणारा कुणी लागत नव्हता, तो आवाज त्यांच्या तोंडून निघाला.

"चारशे तेरा. शालिक महादेव ढोणे. मयत."

शेवटचा शब्द त्यांनी स्वतः ऐकला तेव्हा तो भिंतीला जाऊन लागलेला होता. ताराचंदांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. दाराशी बंडूजीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

म्हातारी रडली नाही, ओरडली नाही. तिनं झटकन डावीकडं तोंड केलं आणि घाईघाईनं, लाडीगोडीनं बोलू लागली.

"तुहं नाई रे बाप्पा ते. दुसऱ्या कोनाचं वाचलं साहेबानं. शालिक का एकच असते गावात? चष्मा असन त्याईले. तू काऊन मनाले लावून घेतं?" मग प्रभाकररावांकडं वळून, आर्जवानं, "हो ना साहेब? दुसऱ्याचं वाचलं ना तुमी? सांगा ना त्याले."

एक शब्द हवा होता. हो. कुणीही दिला असता, शाळेतल्या पोरानंही दिला असता. प्रभाकररावांनी तोंड उघडलं. पण त्या तोंडाला सवय नव्हती. जे नाही ते आहे म्हणायला जीभ उचलेना. खोलीतले सगळे त्यांच्याकडं बघत होते, आणि त्यांना स्पष्ट जाणवलं, की जिथं कुणी उभं नव्हतं तिथूनही कुणीतरी बघतंय. यादीवरचा लाल शब्द त्यांचाच होता, त्यांच्याच सुवाच्य अक्षरातला.

"सांगा ना, साहेब!"

"हो," ते म्हणाले. "दुसऱ्याचं."

पण मध्ये किती वेळ गेला होता, देव जाणे. म्हातारीचं कोपर आधीच खाली आलं होतं. चुरगळलेला पदर सुटा होऊन लोंबत होता.

दारातला उजेड एका माणसाएवढा कमी झाला आणि पुन्हा पूर्ववत झाला. बाहेर रांगेतल्या बाया बाजूला झाल्या. मग बाप्ये झाले. मग अंगणात उकिडवे बसलेले दोघं उठून मागं सरले. खाली मान घालून कुणी चाललं की आपण बाजूला होतो, तशी फाटकापर्यंत एक वाट मोकळी होत गेली. फाटकाशी बांधलेल्या बकरीनं मान वळवून वावराकडं बघितलं आणि बराच वेळ ती तिकडंच बघत राहिली.

"शालिक," म्हातारीनं हाक मारली. मग हात पुढं करून चाचपडली. तिचा हात टेबलाला लागला, शाईची बाटली कलंडली. शकुंतलाबाईंनी तिला धरलं नसतं तर ती तिथंच कोसळली असती.

६

केंद्राध्यक्षाला मतदान संपेपर्यंत केंद्र सोडता येत नाही. त्या दिवशी प्रभाकररावांनी पहिल्यांदा नियमाला शिवी दिली, ती मनातल्या मनात.

भागीरथाबाईला ओसरीवर बसवलं. बंडूजी म्हणाला, चाल, घरी सोडतो. शकुंतलाबाई म्हणाल्या, मी येते. शेजारची मंदाबाई आली, रडली, तिनं हात धरला. म्हातारीनं सगळ्यांचे हात सोडवले. "येईन तो," ती म्हणत होती. "रुसला तं असाच जाते. भूक लागली का येते."

आत मोतीलाल पुन्हा यादीवर बसले होते. नावं वाचली जात होती, पण आता इतक्या हळू आवाजात, की प्रतिनिधींना पुढं वाकावं लागत होतं. प्रभाकरराव दर दहा मिनिटांनी दारात येत. ती तशीच बसलेली असे, वावराकडं तोंड करून. वावरात वाऱ्यानं कपाशीची पऱ्हाटी हलली, की तिची मान उचले. त्यांनी पाणी दिलं ते तिनं घेतलं नाही. पंचावन्न वर्षांचा तो माणूस दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, आणि त्याला पोस्टाच्या ओट्यावर बसलेली आपली सासू आठवली. इतकी वर्षं आपण काय समजत होतो? सावरतो म्हणे माणूस. कुणाला सावरलेलं पाहिलंय आपण?

पाचला मतदान संपलं. पेटीला मोहोर लागली. मतदार यादी पाकिटात गेली, पाकिटावर लाख वितळवून ओतली, लाखेवर केंद्राध्यक्षाचा शिक्का बसला. आता ते पाकीट वरच्या साहेबाच्या हुकमाशिवाय कुणी फोडायचं नव्हतं. दिवस बुडत आला होता. रस्त्यावर ट्रक येऊन उभा राहिला.

त्याच वेळी म्हातारी उठली. बहुधा थंडी वाजायला लागली असावी. ती दोन पावलं चालली, ओसरीच्या पायरीला तिचा पाय अडला, आणि ती तोंडावर पडली.

अंगणात गाव जमलेलं होतं. कुणी धावलं नाही. धावायचं असतं हेच ते विसरून गेले होते. तीन वर्षांत ती कधी पडली नव्हती.

प्रभाकरराव पळत गेले. त्यांनी तिला उठवून बसवलं. कपाळातून रक्त येत होतं. त्यांनी आपला रुमाल त्यावर दाबला आणि त्यांना रडू फुटलं. "माझं चुकलं, आजी," ते म्हणाले. "तुम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मी असं..."

"मले?" म्हातारी म्हणाली. तिनं रुमालावरचा त्यांचा हात बाजूला केला. "मले पयल्या दिवसापासून ठाऊक हाये, साहेब. त्या दिवशी घरात आला, मी त्याचा हात धरला, आन् समजली मी. माय हावो ना त्याची." तिनं वावराकडं तोंड केलं. "त्याले ठाऊक नव्हतं. त्याले कोनी सांगतलं नव्हतं."

बंडूजी मागं उभा होता. त्यानं पुन्हा दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

७

"लिवून ठेवलं का तुमी तसं?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग खोडून टाका."

प्रभाकरराव उठले. आत जाऊन त्यांनी सगळ्या पाकिटांतून ते पाकीट काढलं. मोतीलालांनी त्यांचा हात धरला. "सर, अहो, काय करताय? नोकरी जाईल. पेन्शनला दोन-तीन वर्षं राहिलीत तुमच्या!" प्रभाकररावांनी अंगठ्यानं लाख दाबली, ती तुकडे होऊन टेबलावर सांडली. यादी काढून ते ओसरीत आले. उजेड अगदी थोडा उरला होता. चारशे तेराचा तो लाल शब्द त्यांनी काळ्या शाईनं खोडला. खोडताना इतका जोर लागला, की कागद फाटला.

"खोडलं, आजी."

"आता वाचा. तवा वाचलं तसं."

ते ओसरीच्या कडेला गेले. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. अंगणातले लोक वावराच्या बाजूची जागा सोडून मागं सरकले.

"चारशे तेरा," प्रभाकरराव म्हणाले. "शालिक महादेव ढोणे." आणि ते थांबले. पुढं काही नव्हतं.

वावरात हालचाल नव्हती.

"चुकलं म्हना," म्हातारीनं मागून सांगितलं. "दुसऱ्याचं होतं म्हना."

"चुकलं माझं, शालिक!" प्रभाकररावांनी अंधारणाऱ्या पऱ्हाटीकडं तोंड करून म्हटलं. जन्मात पहिल्यांदा ते सरळ, न अडखळता खोटं बोलत होते, आणि देवाशपथ, ते खरं व्हावं असं त्यांना वाटत होतं. "दुसऱ्या कुणाचं नाव होतं ते! तुझं नव्हतं!"

"मोठ्यानं म्हना, साहेब," भागीरथाबाई म्हणाली. ती उभी राहिली होती. डावं कोपर तिनं अंगापासून थोडं दूर, वर धरलं होतं. "लय दूर गेला असन तो."

प्रभाकररावांनी छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.